इलेक्ट्रॉन तवाफ करत नाही

हजचे दिवस आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास येतो. हाजी काबागृहाभोवती फिरतात, इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात, दोघांची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. सुब्हानअल्लाह, अणूसुद्धा तवाफ करतो! पाठवणाऱ्यांची नियत चांगली असते. तरीही मी तो पुढे पाठवत नाही.

दिशेचं आधी सांगतो. वरून उलट दिसणारं फिरणं खालून पाहिलं की सुलट दिसतं. अणूला वर कुठलं आणि खाली कुठलं? पण मोठी अडचण पुढेच आहे. इलेक्ट्रॉन असा फिरतच नाही.

रदरफर्डने १९११मध्ये केंद्रक दाखवून दिलं, तेव्हाच प्रश्न उभा राहिला. ऋण इलेक्ट्रॉन धन केंद्रकात पडत का नाही? 'वेगामुळे' हे उत्तर वर्गात सर्रास दिलं जातं. ते ग्रहांना चालतं. विद्युतभारित कण गोल फिरू लागला, तर तो प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा गमावतो. हिशेबाने हायड्रोजनचा अणू सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच कोसळायला हवा. बोरने १९१३मध्ये ठरावीक कक्षांत ऊर्जा जात नाही, असं गृहीत धरलं. आठवीचं पुस्तक इथे थांबतं. पण का जात नाही?

उत्तर १९२५ ते १९२७च्या दरम्यान मिळालं. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावं, तितकी त्याची गती अनिश्चित होते आणि गतिज ऊर्जा वाढते. अंतर निम्मं केलं तर आकर्षणामुळे होणारा ऊर्जेचा फायदा दुप्पट, पण कोंडण्याची किंमत चौपट. हा व्यवहार हायड्रोजनमध्ये ०.५३ अँगस्ट्रॉमला, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण दोन कोटीव्या भागाला जुळतो. याहून कमी ऊर्जेची अवस्थाच नाही, मग इलेक्ट्रॉन पडणार कुठे? आणि गंमत म्हणजे या सर्वांत खालच्या अवस्थेत त्याचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो. तो स्थिर नाही, पण प्रदक्षिणाही घालत नाही. केंद्रकाभोवती तो ढगासारखा पसरलेला असतो.

आता अकरावीला गेलेली आपली मुलगी ऑर्बिटल शिकून घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, कक्षा तर नाहीतच, मग तवाफ कुठे गेला?" तर काय सांगायचं? तवाफ ही इबादत आहे, तिला इलेक्ट्रॉनची साक्ष कधीच लागली नव्हती. साक्ष आपण आणली, तीही खोटी, आणि उलटतपासणी मात्र मुलीच्या वाट्याला.

टॉलेमीची आकाशातली वर्तुळं गणितात बऱ्यापैकी बसत होती. तरी अशी रचना प्रत्यक्षात असू शकत नाही, असं इब्न अल-हैसमने अकराव्या शतकात लिहून ठेवलं. त्या पुस्तकाच्या नावातच 'शुकूक' आहे, म्हणजे शंका.