कष्ट झाले म्हणजे व्यायाम झाला?

‘शेतात राबणाऱ्याला कसला आलाय व्यायाम!’ बालाघाटच्या धानपट्ट्यात हे वाक्य डॉक्टरलाही ऐकावे लागते. ते सहज उडवून लावण्यासारखे नाही. वारासिवनी-लालबर्ऱ्याच्या बांध्यांत रोवणी करणारी बाई डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरून, कमरेत वाकून, चिखलातून दिवसभर मागे मागे सरकत असते. जिममधला तरुण तासाभरात कंबर धरून बसेल. अशा बाईला व्यायाम सांगणे शहाजोगपणाचे वाटले तर नवल नाही.

पण या युक्तिवादात एक गफलत आहे. माणूस किती दमला यावरून त्याचे कोणते स्नायू कामाला लागले हे कळत नाही. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. मंद तंतू जोर कमी लावतात, पण तासन्‌तास थकत नाहीत. वेगवान तंतू जोरकस असतात आणि लवकर दमतात. एल्वुड हेनेमन यांनी 1965 मध्ये मांडलेल्या नियमानुसार हलक्या कामाला आधी मंद तंतू जुंपले जातात, वेगवान तंतूंची पाळी जोर वाढला की येते. रोवणीत, निंदणीत, पायी चालण्यात मुख्य भार मंद तंतूंवर असतो. फार थकल्यावर काही वेगवान तंतू मदतीला येतात हे खरे, पण पूर्ण ताकदीचा झटका त्यांना क्वचितच द्यावा लागतो. तो देतो मंडीत धानाचा कट्टा पाठीवर घेणारा हमाल.

वय वाढते तसे मुख्यतः वेगवान तंतूच रोडावतात. निसरड्या धुऱ्यावर पाय घसरला की क्षणात तोल सावरायला तेच लागतात. त्यामुळे दिवसभर वाकून रोवणी करू शकणारी साठीची बाई धुऱ्यावर मात्र पडू शकते.

‘हे जन्मजात असते’ आणि ‘या वयात काय होणार’ हे उरलेले दोन आक्षेप. तंतूंच्या प्रमाणात अनुवंशाचा वाटा आहेच, पण भार दिला की वेगवान तंतू जाड होतात. बॉस्टनमधील 1990 च्या एका अभ्यासात नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे वजनाचा व्यायाम केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली.

वैनगंगेकाठी रोज फेरफटका मारून निश्चिंत राहणाऱ्या नोकरदारालाही हेच लागू आहे. चालणे हृदयाला हितकर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते.

त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता झटकन उभे राहा, सावकाश बसा. असे आठ-दहा वेळा करा. जमू लागले की हातात वजन घ्या. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रोवणीच्या दिवसांत विश्रांती घ्या, पण शेतीची कामे ओसरली की आठवड्यातले दोन दिवस याला द्या. राबणाऱ्याच्या कष्टाला मान द्यावा, पण तेवढ्याने व्यायाम झाला असे मानू नये.