गाडी विका, पण खोड सांगून विका

शेतकरी बंधूंनो, बैलबाजारात आपण दावणीचा बैल नुसता बघून विकत घेत नाही. दात बघतो, चार पावलं चालवतो, गाडीला जुंपून बघतो. मारका आहे का, मध्येच बसतो का, हे खोदून विचारतो. मग जुनी मोटार घ्यायला शहरात गेलो की ही हुशारी कुठं जाते? नवा रंग, चकचकीत काच बघितली की आपला हात लगेच खिशात!

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत माझे मावसभाऊ राहतात. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्टा पाण्याखाली गेला, रेल्वे बंद पडली, ते आठवत असेल. त्या पाण्यात भावांची गाडीही बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाईनं चावी फिरवली आणि इंजिनात शिरलेल्या पाण्यानं रॉड वाकला. विमा होता, पण इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं नव्हतं. साध्या पॉलिसीत अशा नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. दुरुस्तीचा अंदाज निघाला ७० हजार. तेव्हा एक दलाल म्हणाला, "साहेब, एवढा खर्च कशाला? तात्पुरती चालू करून देतो. वाडा-विक्रमगडकडं गिऱ्हाईक आहे. गावात कोण इंजिन उघडून बघतंय?"

वाचकहो, हे बोलणं तुमच्या-माझ्याबद्दलचं आहे.

भावांनी त्याचं ऐकलं नाही. चालू स्थितीत गाडीचे २ लाख आले असते. त्यांनी बिघाड कागदावर लिहून, गॅरेजचा अंदाज जोडून ती १ लाख २० हजारांना एका मेकॅनिकला दिली. त्याला दुरुस्ती स्वस्तात पडते, म्हणून त्यालाही परवडलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात असेल, तर सरकारमान्य भंगार केंद्रात गाडी जमा करून दाखला घ्यावा आणि नोंदणी रद्द करून घ्यावी.

कायदा काय म्हणतो, तेही बघा. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली घोड्याचं उदाहरण दिलं आहे. लिलावात घोडा विकणारा त्याच्या दुखण्याबद्दल नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक होत नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो," तर तिथं गप्प राहणं म्हणजे होकारच. खोड मुद्दाम झाकून ठेवणं ही तर फसवणूकच. म्हणून घेणाऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर स्पष्ट विचारावं: इंजिन उघडलं होतं का? गाडी पाण्यात होती का? उत्तर लिहून घ्यावं.

स्वतःही तपासा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, चिखलाचा डाग दिसेल. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, गालिच्याखाली कुबट वास, दिव्यांच्या काचेत दमट वाफ, ही बुडालेल्या गाडीची लक्षणं. इंजिन गार असताना चालू करायला सांगा आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याला दिलेली मजुरी वाया जात नाही.

विकणाऱ्यानं एक चूक तर कधीच करू नये. पैसे घेतले, चावी दिली, कागद मात्र राहिले! फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून व्यवहार आरटीओत नोंदवा. राज्यातल्या व्यवहाराची खबर विकणाऱ्यानं १४ दिवसांत द्यायची असते. कर्ज असेल तर बँकेचा बोजा फॉर्म ३५ नं आधी उतरवा. नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर नोंदीवरच्या मालकालाच जबाबदार धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनाही विनंती आहे. गावात जुनी गाडी आली की पेढे जरूर खा, पण "दादा, नावावर झाली का?" एवढं विचारा. आणि आपलीच गाडी विकायची वेळ आली, तर तिची खोड आधी सांगा. घेणाराही आपल्यासारखाच घाम गाळून पैसे जमवत असतो.