अपुरा खेळ आणि पुरती किंमत

शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपल्याकडे म्हणतात. परंतु तें शीत दाबून पाहण्याचें काम स्वयंपाक करणाराचें, पानावर बसलेल्या पाहुण्याचें नव्हे. संगणकावरील खेळांच्या धंद्यांत मात्र हा क्रम अलीकडे उलटला आहे. खेळ अर्धामुर्धा तयार असतांनाच विकावयास काढावयाचा, घेणारांनीं पैसे देऊन तो खेळावयाचा व त्यांतील दोष कळवावयाचे, आणि कर्त्यांनीं त्याबरहुकूम तो सुधारीत न्यावयाचा, अशी ही रीत आहे. तिला ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणतात. ज्यांच्या घरीं मुलें असे खेळ खेळतात त्या वाचकांच्या कानांवरून हा शब्द गेलाच असेल. ही रीत बरी, कीं पगारी परीक्षक नेमून खेळ आधीं तपासून घेण्याची जुनी रीत बरी, याचा विचार आज करूं.

नव्या रीतीच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येण्यासारखें आहे. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनीं ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ २००९ सालीं अपुरा असतांनाच विकावयास काढला. नोव्हेंबर २०११ मध्यें तो पुरा झाला, तोंपर्यंत लक्षावधि लोकांनीं तो घेतलेला होता. आणि २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें त्याची कंपनी २५० कोटी डॉलरांस घेतली. २०१३ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें ‘स्टीम’ या आपल्या दुकानांत अशा खेळांसाठीं निराळें दालनच उघडलें. बेल्जममधील लॅरियन कंपनीनें ‘बाल्डर्स गेट ३’ चा केवळ पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्यें विक्रीस ठेविला, आणि जवळजवळ तीन वर्षें खेळणारांचें ऐकून ऑगस्ट २०२३ मध्यें पुरा खेळ बाहेर काढला. त्याचा सर्वत्र गौरव झाला.

उलटपक्षीं, पगारी परीक्षक असले म्हणजे सर्व कांहीं निर्दोष होतें असेंही नाहीं. पोलंडमधील ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ बंद दाराआड तयार होऊन डिसेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध झाला, तो जुन्या यंत्रांवर इतका अडखळूं लागला कीं सोनीनें थोड्याच दिवसांत आपल्या दुकानांतून तो काढून टाकिला व घेणारांस पैसे परत देऊं केले. दोष सांपडणें निराळें आणि तो निस्तरेपर्यंत धीर धरणें निराळें.

तथापि आमच्या मतें या दोन रीतींची तुलनाच थोडी चुकीची आहे. कारण दोन्हींत होणारें काम एक नव्हे. खेळणारा आपल्या मौजेसाठीं बसतो. कोठें कंटाळा आला, कोणता प्रसंग अवघड वाटला, हें त्याच्याइतकें चांगलें दुसरा कोणी सांगणार नाहीं. परंतु खेळ मध्येंच बंद पडला तर तो चिडून उठतो. तो कां बंद पडला हें शोधीत बसत नाहीं, आणि त्यानें बसावें अशी अपेक्षाही करूं नये. परीक्षकाचें काम तेथूनच सुरू होतें. तेंच दार शंभर वेळां उघडावयाचें, कोणत्या यंत्रावर व कोणत्या क्रमानें केलें असतां दोष उद्भवतो तें टिपावयाचें, आणि दुरुस्तीनंतर पुन्हां तेंच सारें करून पाहावयाचें. यांत मौज नाहीं, चिकाटी आहे. आणि चिकाटीचें मोल द्यावें लागतें.

तें मोल देण्यासच धंदा नाखूष दिसतो. अमेरिकेंतील रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीनें डिसेंबर २०२१ मध्यें कांहीं परीक्षकांस कामावरून दूर केलें, तेव्हां त्यांचे सुमारें साठ सहकारी काम सोडून बाहेर पडले; मे २०२२ मध्यें तेथील परीक्षकांनीं १९ विरुद्ध ३ मतांनीं आपला संघ स्थापण्याचें ठरविलें. हा प्रश्न परदेशापुरताही नाहीं. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीनें २००८ सालीं पुण्यांत सुरू केलेल्या शाखेंत परीक्षणाचें काम होत आलें आहे. आपल्याच घरांतील एखादा तरुण तें करीत असूं शकेल. जें काम लोक फुकट, नव्हे, पदरचे पैसे देऊन करावयास तयार आहेत असें मालकास वाटेल, त्या कामास तो वेतन कशास देईल?

म्हणून कर्त्यांनीं खेळणारांस अभिप्राय अवश्य विचारावा. परीक्षकाची मजुरी मात्र त्यांच्याकडून फुकट करवून घेऊं नये. आणि घेणारांनीं खेळ आज जसा आहे तेवढ्याचेंच मोल द्यावें, उद्यांच्या आश्वासनाचें देऊं नये. ‘डे-झी’ हा खेळ डिसेंबर २०१३ मध्यें अपुरा विकावयास निघाला, तो पुरा होण्यास डिसेंबर २०१८ उजाडलें. त्याची वाट पाहणारा शाळकरी मुलगा तोंपर्यंत महाविद्यालयांत गेला असेल! मुलानें अशा खेळासाठीं पैसे मागितले, तर वडील मंडळींनीं एकदम नकार देऊं नये. “हा याहून पुढें कधींच सुधारला नाहीं, तरी तुला चालेल काय?” एवढेंच विचारावें. उत्तर ‘होय’ असेल तर पैसे द्यावे. नसेल तर थांबण्यांत त्याचें कांहींच जात नाहीं.