मोठा सर्व्हर आणि आठ-अ

पोखर्णीच्या एका शेतकऱ्याला या आठवड्यात बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला हवा होता. दाखला देणाऱ्या संस्थेच्या संगणकावर खाते क्रमांक टाकला की नोंद लगेच उघडत होती. त्याला क्रमांक आठवेना, म्हणून नावाने शोध घेतला आणि पडदा अडकला. “सर्व्हर स्लो आहे, उद्या या,” असं उत्तर मिळालं. वर नवा, मोठा सर्व्हर मागवणार असल्याचंही सांगितलं. सर्व्हर तोच, नेट तेच. क्रमांकाने नोंद मिळते आणि नावाने मिळत नाही, तर ताकद वाढवून काय होणार?

हे कोडं आपल्या तलाठी दप्तराने फार पूर्वी सोडवलं आहे. गाव नमुना सात गटवार असतो. गट नंबर सांगा, पान उघडतं. पण ‘या माणसाची गावात कुठे कुठे जमीन आहे’ असं विचारलं, तर अख्खं बाड चाळावं लागेल. म्हणून आठ-अ. तो खातेवार असतो, एका खातेदाराचे सगळे गट एका जागी दाखवतो. डेटाबेसमधला इंडेक्स हेच काम करतो. तो नसेल तर एका नावासाठी संगणक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातो. बायर आणि मॅक्‌क्राइट यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री रचनेचा इंडेक्स असेल, तर एक कोटी नोंदींतही तीन-चार टप्प्यांत नेमकी ओळ हाती लागते. यंत्र दुप्पट केलं तर चाळणं फार तर निम्म्या वेळात होईल, आणि नोंदी वाढल्या की पुन्हा तीच रड.

आठ-अ फुकट मिळत नाही, हेही तलाठ्याला ठाऊक असतं. फेरफार मंजूर झाला की सात-बाराबरोबर आठ-अ सुद्धा दुरुस्त करावा लागतो. दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावत सुटलं, तर प्रत्येक नवी नोंद जड होते. रकान्यांचा क्रमही पाहावा लागतो. गट नंबर 112 गावोगाव असतो. आधी गाव, मग गट असाच इंडेक्स हवा.

इंडेक्स असूनही प्रश्न वाकडा विचारला की तो वाया जातो. ‘तारखेतून वर्ष काढा आणि ते 2023 आहे का पाहा’ असं लिहिलं, की तारखेचा साधा इंडेक्स पडून राहतो. ‘1 जानेवारी 2023 पासून 1 जानेवारी 2024 च्या आधी’ असं लिहा, तो लगेच कामाला येतो. नावाच्या मध्यातली अक्षरं शोधतानाही साधा इंडेक्स असाच पडून राहतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीआधी, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाआधी, ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लिहिलं, की ती प्रत्यक्ष चालवून कुठे किती वेळ गेला ते दिसतं. डेटाबेसच्या अंदाजाने ओळी दहा आणि प्रत्यक्षात दोन लाख निघाल्या, तर टेबलाबद्दलची त्याची आकडेवारी शिळी झाली असण्याची शक्यता मोठी. ती ताजी करायला आधी नुसतं ‘ॲनालाइझ’ चालवा.

मी हे पुन्हा पुन्हा लिहितो, कारण माझं ठाम मत आहे की असे प्रोग्राम पन्नास नमुना नोंदींवर तपासून गावात पाठवले जातात. पन्नास ओळींत सगळंच वेगवान असतं. खरा भार पडतो तो हंगामाच्या तोंडावर, आणि तेव्हा खोळंबतो तो रोजगार बुडवून आलेला माणूस.

नव्या सर्व्हरच्या कागदावर सही करण्याआधी संस्थेच्या सचिवांनी प्रोग्रामवाल्याकडे संथ क्वेरींची नोंद मागावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती मुळात बंद असते आणि चालू केली तरी 10 सेकंदांखालचं काही टिपत नाही. मर्यादा 1 सेकंदावर आणून आठवडाभर चालू ठेवा, आणि यादीत वरच्या पाच क्वेरी कोणत्या ते विचारा.