गिऱ्हाईक पाहुणा नव्हे!

माझा छोटा छापखाना आहे आणि आज मी भांडायला बसलो आहे. ऐन फराळाच्या वेळी हे काय काढले, म्हणून वाचकांनी रागावू नये. वर्षभर ज्यांच्याशी भांडायला हवे होते त्यांच्याशी मी गोड बोललो. त्याची ही थकबाकी!

पुष्कळ दुकानांत एक पाटी असते : गिऱ्हाईक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, वगैरे. खाली गांधीजींचे नाव, आणि कधीकधी ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असेही. १८९० साली गांधीजी लंडनला कायदा शिकत होते; आफ्रिकेत गेले ते १८९३ साली. पण पाटी काही खाली उतरत नाही. माझ्याकडेही ती वीस वर्षे टांगलेली होती.

आणि ‘पाहुणा’ हा शब्दच घातकी. पाहुण्याला वेळेचे बोलता येत नाही, पैशाचे तर नाहीच.

लग्नपत्रिका घ्या. प्रूफ पाहून सही झाली, प्लेट निघाली. रात्री साडेदहाला फोन : “काका, एकच नाव राहिलं हो, धाकट्या आत्याचं!” एकच नाव! त्यासाठी निमंत्रकांच्या ओळी हलवायच्या, जुनी प्लेट भंगारात टाकायची, नवी काढायची, यंत्र पुन्हा लावायचे. पैसे म्हटले की, “घरचंच काम ना?” घरचे काम म्हणजे फुकटचे काम, हा अर्थ कोणत्या शब्दकोशात आहे? आत्याबाईंचा मान भाच्याने राखावा, छापखान्याने नव्हे.

बड्या कचेऱ्यांची तऱ्हा याहून वाईट. नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे, करार काहीही असो, ४५ दिवसांच्या आत द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे, असा कायदा २००६ साली झाला. मी तो एका गिऱ्हाइकाला दाखवला. त्याचा हिशेबनीस हसून म्हणाला, “मग पुढचं काम विसरा.” मी विसरलो. दोन महिने यंत्र निम्मे बसून होते आणि कामगारांचा बोनस मी कर्ज काढून दिला. हे लपवीत नाही.

तरी दोष आमचाही आहे. शेजारचा छापखाना सहीनंतरची दुरुस्ती फुकट करून देतो, असे मला ऐकवतात. फुकट? तो खर्च तो पुढच्या निमूट गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो. मीही घालीत होतो! वेळेवर मजकूर देणाऱ्या, वेळेवर पैसे देणाऱ्या सज्जनाने आरडाओरडा करणाऱ्याच्या आत्याबाईंचा भुर्दंड का सोसावा? ‘नाही’ म्हणणे उद्धटपणा असेल, तर ही लबाडी कोण?

ती पाटी मी उतरवली. नवीन लावली : निम्मे पैसे आगाऊ. सहीनंतरच्या दुरुस्तीचा आकार वेगळा. रात्री आठनंतर फोन नाही. पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइके गेली. त्यांतले एक परत आले, आणि येताना आत्या-मावश्यांची यादी पुरी करून आले.

या लेखाचे प्रूफ मी तपासून सही केली. मागाहून एक शब्द बदलावासा वाटला. संपादकांना फोन केलेला नाही.