बाप व्हायला कोण शिकवणार?

१९९१ साली मुंबईत सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही, असे पुरुष हवेत. दोनशेहून जास्त पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. पुरुष बदलायला तयार असतो, त्याला बोलावणारं कुणी लागतं.

मग लालबागच्या चाळीतल्या किंवा मदनपुऱ्यातल्या एकोणीस वर्षांच्या बापाला कोण बोलावतं? कायद्याने मुलाचं लग्नाचं वय २१, म्हणून आपण त्याच्याकडे बघायचंच टाळतो. बालविवाह रोखलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण बाळ जन्मल्यावर बापाकडे पाठ फिरवली, तर सगळं ओझं त्या पोरीवरच पडतं.

आमच्याकडे निकाहात मेहेर किती, हे चारचौघांत विचारतात. रात्री रडणाऱ्या बाळाला कोण घेणार, लशीची तारीख कोण लक्षात ठेवणार, हे कुणी विचारत नाही. दूध पाजणाऱ्या आईचं अन्नवस्त्र बापावर, हे सूरह बकराच्या २३३व्या आयतीतून आपण उचललं. दूध तोडायचं ते दोघांच्या सल्लामसलतीने, हेही त्याच आयतीत आहे. ते सोयीस्कर विसरलो.

गणपतीत दहा दिवस राबणारी मंडळं आणि रमजानभर इफ्तारी वाटणाऱ्या जमाती आपल्याकडे आहेत. प्रत्येक जाणत्या बापाने वस्तीतल्या एका कोवळ्या बापाचा हात धरावा. नुसतं ‘कमव’ म्हणणं पुरे झालं. त्याला लंगोट बदलायला शिकवा.