विश्लेषण : डोंगर-सूर्य-झोपडीला ‘पॉप आर्ट’चा पर्याय?

‘निसर्गचित्र काढा’ म्हटले, की प्राथमिक शाळेतल्या बहुतेक वह्यांत दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, झोपडी आणि नारळाचे झाड उतरते. मूल लातूरचे असो वा ठाण्यातल्या अठराव्या मजल्यावरचे. ज्याच्या गावची नदी आठ महिने कोरडी असते, तेही नदी निळीच रंगवते. मूल जे रोज पाहते आणि जे कागदावर काढते, त्यांचा संबंधच उरलेला नाही. अमेरिका-ब्रिटनमधल्या प्राथमिक वर्गांत ऋतूनुसार घेतले जाणारे पॉप आर्टचे उपक्रम म्हणूनच पाहण्याजोगे आहेत. तिकडे पानगळीच्या दिवसांत भोपळा, हिवाळ्यात हातमोजे, फेब्रुवारीत बदाम, उन्हाळ्यात आइस्क्रीमचा कोन, असे विषय असतात. वस्तू एकच, पण चार चौकटींत चार भडक रंगसंगतींत रंगवायची.

पॉप आर्ट म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जाहिराती, डबाबंद खाणे, चित्रपट आणि कॉमिक्स यांचा सुळसुळाट झाला. चित्रकारांनी याच मालाला चित्राचा विषय केले. ब्रिटनमध्ये रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९५६ मध्ये मासिकांतली कात्रणे चिकटवून केलेले चित्र ही त्याची एक सुरुवात. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. प्रत्येक स्वादाचे एक, आणि तीही वाणसामानाच्या दुकानात फळीवर डबे लावावेत तशी. शेजारच्या एका कलादालनाने खरे डबे मांडून त्यांची थट्टा केली. आज तो संच न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये आहे.

रॉय लिश्टेनस्टाइन यांनी कॉमिक्समधली चौकट भिंतीएवढी केली आणि छपाईतले ठिपकेही तितकेच मोठे केले. हे ठिपके बेंजामिन डे या अमेरिकी मुद्रकाच्या १८७९ मधल्या पद्धतीचे. मोजक्या शाईंत जास्त छटा दाखवायची ती स्वस्त युक्ती होती. दुसरी-तिसरीच्या मुलांना इथूनच आत नेता येते. जुन्या वर्तमानपत्रातल्या रंगीत छायाचित्रावर भिंग धरायला सांगावे. गुळगुळीत दिसणारा चेहरा सुट्या ठिपक्यांचा निघतो. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब पडला, तर लाल-हिरवे-निळे कण दिसू लागतात. (प्रयोग आपल्याच मोबाइलवर, आणि थेंब एकच!) चित्र हे ‘बनवलेले’ असते, हे मुलाला एवढ्यानेही कळते.

आपल्या ऋतूंत हे कसे बसेल?

भोपळा आणि बर्फ जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. जूनमध्ये छत्री आणि रेनकोट, श्रावणात मक्याचे कणीस, दिवाळीआधी आकाशकंदील, जानेवारीत पतंग आणि हलव्याचे दागिने. एप्रिलमधला बर्फाचा गोळा तर आधीच पॉप आर्टइतका भडक असतो. एकच वस्तू पुन:पुन्हा उमटवण्याचे तंत्रही आपल्याकडे जुनेच आहे. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून उमटवलेली फुले कोणाला नवी नाहीत. फक्त चारही चौकटींचे रंग मुलाने स्वत: ठरवायचे. निळे कणीस ‘चूक’ म्हणून खोडायचे नाही, हे मात्र शिक्षकांनी मनाशी पक्के करायला हवे.

गणपतीच्या दिवसांत जास्वंद घ्यावी. वॉरहॉल यांच्या १९६४ च्या गाजलेल्या फुलांच्या मालिकेमागचे छायाचित्र जास्वंदीचेच होते, पण ते त्यांचे नव्हते. पॅट्रिशिया कॉलफिल्ड या छायाचित्रकार न्यायालयात गेल्या आणि प्रकरण तडजोडीने मिटले. वर्गासाठी त्यातून घेण्याजोगे एवढेच, की फूल इंटरनेटवरून न उतरवता कुंडीतले पाहून काढावे.

मग आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप खरा आहे. परदेशी वर्गांतही हे उपक्रम अनेकदा आयत्या छापील चित्रात रंग भरण्यापुरते उरतात. त्यापेक्षा आपले डोंगर-सूर्य काय वाईट? झेरॉक्स केलेला आकाशकंदील तीस मुलांनी रंगवला, तर पॉप आर्टचे नाव तेवढे राहते. दुसरा आक्षेप असा, की पुडे आणि वेष्टने वर्गात आणणे म्हणजे कंपन्यांची फुकट जाहिरात. पण पाच रुपयांच्या पुडीचे वेष्टन मुलाच्या नजरेसमोर रोजच असते. त्यावर पिवळा आणि लाल रंगच का, अक्षरे तिरपी का, आतल्या वेफर्सपेक्षा चित्रातले वेफर्स मोठे का, हे प्रश्न पुडी समोर ठेवूनच विचारता येतात. आमच्या मते वेष्टने वर्गात यावीत. नाव झाकून, स्वत:चे नाव लिहून.

खरी अडचण तासाची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तिथेही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच भाषा, गणित आणि चित्रकला शिकवतात, आणि परीक्षा जवळ आली की बळी चित्रकलेच्या तासाचा जातो. मुलाच्या हाताला आणि नजरेला वळण लागते ते याच वयात. त्यामुळे सहावीत शिक्षक मिळालाच, तरी तोवर डोंगर, सूर्य आणि झोपडी पक्की बसलेली असते.

खर्च मात्र आड येत नाही. जुनी वर्तमानपत्रे, चार खडू, एक काळे स्केचपेन आणि ठिपक्यांसाठी कानातल्या काडीचे टोक एवढे पुरते. ऑक्टोबरात बाजारात सीताफळे असतात. त्याच्या सालीवर ठिपके आयतेच असतात. मुलांनी ते आधी मोजावेत, मग काढावेत, आणि फळ शेवटी वाटून खावे.